अनेक दूरस्थ संगणकांवर दिलेल्या आज्ञांचे निकाल : अहवालाची रचना आणि विश्वासार्हता

सारांश

एकाच वेळी अनेक दूरस्थ संगणकांना आज्ञा देणे आज तांत्रिकदृष्ट्या सोपे झाले आहे. मात्र त्या आज्ञेचे प्रत्येक संगणकावर नेमके काय झाले, हे विश्वासाने सांगणे अद्यापही कठीण आहे. प्रस्तुत लेखात निर्गमन संकेतांक, निकालांचे वर्गीकरण, उत्तरांचे एकत्रीकरण आणि संगणकांच्या पटाशी पडताळणी या चार अंगांनी या प्रश्नाचा विचार केला आहे. २०१२ मधील अमेरिकेतील नाइट कॅपिटल प्रकरणाच्या आधारे सदोष अहवालाचे परिणाम स्पष्ट केले असून, महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळेस उपयुक्त अशी अहवालाची रचना सुचविली आहे.

बीजशब्द : दूरस्थ आज्ञा, निर्गमन संकेतांक, संगणकसमूह, अहवाल, पडताळणी.

१. प्रस्तावना

परीक्षेचा निकाल तयार करताना कोणतेही महाविद्यालय केवळ उत्तीर्ण विद्यार्थ्यांची यादी लावून थांबत नाही. निकालपत्रकात उत्तीर्ण, अनुत्तीर्ण, अनुपस्थित आणि निकाल राखून ठेवलेला असे स्वतंत्र रकाने असतात आणि त्या सर्वांची बेरीज परीक्षेस नाव नोंदविलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येशी जुळावी लागते. बेरीज जुळली नाही, तर निकालपत्रक सदोष मानले जाते. अनुपस्थित विद्यार्थ्याला अनुत्तीर्ण म्हणणे ही चूक आहे. त्याचे नावच गाळणे ही त्याहून मोठी चूक आहे.

परीक्षा विभागात शिस्तीचा भाग असलेली ही दक्षता संगणक व्यवस्थापनात मात्र अनेकदा पाळली जात नाही. प्रयोगशाळेतील साठ संगणकांवर नवी आज्ञावली बसविण्याची आज्ञा दिली जाते, पडद्यावरून ओळी भराभर सरकतात, शेवटी चूक दर्शविणारा कोणताही संदेश दिसत नाही आणि ‘सर्व संगणकांवर काम झाले’ असा निष्कर्ष काढला जातो. त्यांपैकी तीन संगणक त्या वेळी बंद होते, ही गोष्ट प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी उघड होते. येथे दोष आज्ञेचा नसून अहवालाचा असतो.

संगणकांची संख्या वाढते तसा हा प्रश्न अधिक गंभीर होतो. एखादी आज्ञा एका संगणकावर यशस्वी होण्याची शक्यता ९९ टक्के आहे आणि प्रत्येक संगणकाचा निकाल इतरांपासून स्वतंत्र आहे असे मानले, तर साठही संगणकांवर ती यशस्वी होण्याची शक्यता सुमारे ५५ टक्केच उरते. प्रत्येकी ९९.९ टक्के शक्यता असलेल्या एक हजार संगणकांच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ३७ टक्के इतके खाली येते. म्हणजेच संगणकसमूह मोठा असेल तेव्हा कोठेतरी काहीतरी अयशस्वी होणे हा अपवाद नसून नित्याचा अनुभव असतो. अशा वेळी ‘काम झाले का?’ हा प्रश्नच अपुरा ठरतो. ‘कोणत्या संगणकांवर झाले, कोणत्या संगणकांवर झाले नाही आणि कोणत्या संगणकांविषयी काहीच कळले नाही?’ असा प्रश्न विचारावा लागतो.

२. पार्श्वभूमी

दुसऱ्या संगणकावर आज्ञा चालविण्याची सोय युनिक्स परंपरेत १९८३ मधील ४.२ बीएसडी या आवृत्तीबरोबर आलेल्या आरएसएच या साधनाने रूढ केली. या साधनात दोन उणिवा होत्या. पहिली सुरक्षिततेची होती, कारण माहिती उघड्या स्वरूपात जाळ्यावरून जात असे. दुसरी उणीव प्रस्तुत विषयाशी थेट निगडित आहे. दूरच्या संगणकावरील आज्ञा यशस्वी झाली की अयशस्वी, हे सांगणारा संकेतांक आरएसएच आज्ञा देणाऱ्याकडे परत आणत नसे. आज्ञा पोहोचली एवढेच कळे. तिचे पुढे काय झाले ते कळत नसे.

फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रशास्त्र विद्यापीठातील तातू इलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच हे साधन तयार केले. त्यामुळे संपर्क सुरक्षित झाला आणि दूरस्थ आज्ञेचा संकेतांक परत मिळण्याची सोयही झाली. पुढे एकाच वेळी अनेक संगणकांशी संपर्क साधणारी साधने विकसित झाली. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत पीडीएसएच, फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगात क्लस्टरशेल आणि २०१२ पासून अ‍ॅन्सिबल ही त्यांतील प्रमुख नावे होत. विंडोज प्रणालीत २००९ मधील पॉवरशेलच्या दुसऱ्या आवृत्तीपासून अशी सोय उपलब्ध आहे.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सादर केला, तेव्हापासून अनेक प्रक्रियकांकडून एकत्र काम करून घेण्याची परंपरा येथे रुजली आहे. आजचे बहुतेक महासंगणक म्हणजे जलद जाळ्याने जोडलेल्या शेकडो किंवा हजारो संगणकांचे समूहच असतात आणि त्यांची देखभाल अशा सामूहिक आज्ञांवरच अवलंबून असते. साठ संगणकांची प्रयोगशाळा आणि महासंगणक यांच्या आकारमानात मोठे अंतर असले, तरी अहवालाचा प्रश्न दोहोंकडे एकच आहे.

३. निकालाचे मूलभूत एकक : निर्गमन संकेतांक

युनिक्स व लिनक्स प्रणालींत प्रत्येक आज्ञा संपताना ० ते २५५ यांपैकी एक अंक मागे ठेवते. यालाच एक्झिट कोड किंवा निर्गमन संकेतांक म्हणतात. शून्य म्हणजे यश आणि अन्य कोणताही अंक म्हणजे काही प्रकारचे अपयश, असा सर्वसाधारण संकेत आहे. आज्ञा सापडली नाही तर शेल १२७ हा अंक देते. आज्ञा सापडली पण चालविता आली नाही तर १२६ हा अंक मिळतो. संपर्कच प्रस्थापित झाला नाही, तर एसएसएच २५५ हा अंक परत करते.

हा अंक मानवी भाषेतील संदेशापेक्षा अधिक भरवशाचा असतो. पडद्यावरील संदेश प्रणालीच्या भाषेनुसार आणि आवृत्तीनुसार बदलतात, तर संकेतांक यंत्राला वाचता येतो व मोजता येतो. तथापि त्याचा अर्थ लावताना तीन सावधगिरी बाळगाव्या लागतात.

पहिली सावधगिरी अर्थाच्या संदिग्धतेची. दूरस्थ आज्ञेनेच २५५ हा अंक दिला, तर तो संपर्काच्या अपयशासारखाच दिसतो. तसेच प्रत्येक शून्येतर अंक म्हणजे बिघाड नव्हे. मजकूर शोधणारी ग्रेप ही आज्ञा अपेक्षित शब्द सापडला नाही तर १ आणि खरोखर चूक झाली तर २ हा अंक देते. ‘धारिकेत ही नोंद नाही’ हे उत्तर अपयशात जमा केल्यास अहवाल चुकतो.

दुसरी सावधगिरी आज्ञांच्या साखळीची. एका आज्ञेचे निष्पन्न दुसरीकडे वळविले असता शेल नेहमीच्या मांडणीत केवळ शेवटच्या आज्ञेचा संकेतांक लक्षात घेते. नोंद जपून ठेवण्याच्या चांगल्या हेतूने अनेक जण मुख्य आज्ञेचे निष्पन्न टी या आज्ञेकडे वळवितात. मुख्य आज्ञा फसली तरी टी आपले काम नीट करते आणि शून्य हा अंक परत येतो. अशा प्रकारे नोंद ठेवण्याची कृतीच अपयश झाकून टाकते. बॅश शेलमधील पाइपफेल हा पर्याय सुरू केल्यास साखळीतील कोणत्याही आज्ञेचे अपयश वर येते. मुख्य आज्ञेनंतर अर्धविराम देऊन ‘काम झाले’ असा शब्द छापण्याच्या सवयीतही हाच धोका आहे, कारण तो शब्द काम झाले नाही तरी छापला जातो.

तिसरी सावधगिरी संकेतांकांच्या एकत्रीकरणाची. साठ संगणकांकडून साठ अंक येतात. आज्ञा देणाऱ्या साधनाला मात्र शेवटी एकच अंक परत करता येतो. पीडीएसएचला तसा पर्याय दिला, तर ते सर्व अंकांतील सर्वांत मोठा अंक परत करते. जीएनयू पॅरलल अयशस्वी कामांची संख्या शंभरापर्यंत देते आणि त्याहून अधिक अपयशांसाठी १०१ हा अंक राखून ठेवते. यांतील कोणताही अंक ‘सर्व ठीक नाही’ एवढेच सांगतो. कोणता संगणक मागे राहिला ते सांगू शकत नाही. त्यामुळे सामूहिक अंक हा धोक्याचा इशारा म्हणून स्वीकारावा, अहवाल म्हणून नव्हे.

४. निकालांचे वर्गीकरण

यश आणि अपयश ही द्विभाजनाची पद्धत दूरस्थ संगणकांना पुरत नाही. व्यवहारात किमान सहा प्रकारचे निकाल वेगळे नोंदवावे लागतात.

(अ) यशस्वी, बदल झाला : आज्ञेने अपेक्षित काम केले.

(आ) यशस्वी, बदलाची गरज नव्हती : संगणक आधीच अपेक्षित स्थितीत होता. अ‍ॅन्सिबलच्या अहवालात ‘चेंज्ड’ हा आकडा स्वतंत्रपणे दिला जातो, त्यामागे हाच विचार आहे. सर्वत्र बदल अपेक्षित असताना कोठेच बदल झाला नाही, तर आज्ञा चुकीच्या समूहास दिली गेली असण्याची शक्यता तपासावी लागते.

(इ) अयशस्वी : संपर्क झाला, आज्ञा सुरू झाली, परंतु ती पूर्ण होऊ शकली नाही. डिस्कवर जागा नसणे, अधिकार नसणे ही नेहमीची कारणे होत.

(ई) संपर्क नाही : संगणक बंद आहे, केबल निघाली आहे किंवा पत्ता बदलला आहे. येथे आज्ञेविषयी काहीच सिद्ध होत नाही. संगणकाकडे जाऊन पाहणे हाच उपाय असतो.

(उ) स्थिती अनिश्चित : संपर्क झाला, आज्ञा पाठविली गेली आणि त्यानंतर ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही.

(ऊ) आज्ञा पाठविली नाही : दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेले किंवा हेतुपुरस्सर वगळलेले संगणक.

यांपैकी पाचवा प्रकार सर्वांत फसवा आहे. उत्तर आले नाही याचा अर्थ काम झाले नाही असा होत नाही. आज्ञा पूर्ण होऊन उत्तर परत येताना संपर्क तुटला असेल, आज्ञा अर्धवट थांबली असेल किंवा ती अजूनही संथपणे चालू असेल. दूर बसलेल्या निरीक्षकाला केवळ वाट पाहून या तीन शक्यतांत भेद करता येत नाही. मंद संगणक आणि मृत संगणक त्याला सारखेच दिसतात. म्हणून अशा संगणकास अयशस्वी ठरवून आज्ञा लगेच पुन्हा देणे धोक्याचे असते. ‘अमुक आवृत्ती बसलेली असावी’ या स्वरूपाची आज्ञा दोनदा दिली तरी हानी नाही. ‘धारिकेच्या शेवटी ही ओळ जोड’ ही आज्ञा दोनदा दिल्यास ओळ दोनदा जोडली जाते. पुनरावृत्तीने निकाल बदलणार नाही अशा रीतीने आज्ञा लिहिणे ही त्यामुळे विश्वासार्ह अहवालाची पूर्वअट ठरते.

५. उत्तरांचे एकत्रीकरण

अनेक संगणक एकाच वेळी उत्तरे देऊ लागले की त्यांच्या ओळी एकमेकींत मिसळतात. यावरील पहिला उपाय म्हणजे प्रत्येक ओळीच्या आरंभी संगणकाचे नाव छापणे. पीडीएसएच हेच करते. दुसरा उपाय एका संगणकाचे उत्तर पूर्ण होईपर्यंत ते राखून ठेवून एकत्रित छापण्याचा आहे. जीएनयू पॅरललची नेहमीची पद्धत ही आहे.

परंतु साठ संगणकांची साठ सारखी उत्तरे वाचताना वाचकाचे लक्ष उडते आणि एकसष्टाव्या ओळीतील वेगळेपण नजरेतून सुटते. म्हणून तिसरा आणि सर्वांत उपयुक्त उपाय म्हणजे समान उत्तरे देणाऱ्या संगणकांचे गट करणे. पीडीएसएचसोबत येणारे डीएसएचबॅक आणि क्लस्टरशेलमधील क्लश ही साधने योग्य पर्याय दिल्यास असे गट पाडतात. प्रणालीची आवृत्ती विचारली असता ५७ संगणकांनी एक उत्तर व दोन संगणकांनी वेगळे उत्तर दिले, तर अहवाल दोनच परिच्छेदांचा होतो आणि विसंगती तत्काळ डोळ्यांत भरते. उत्तरात घड्याळाची वेळ किंवा प्रक्रियेचा क्रमांक यांसारखा प्रत्येक ठिकाणी बदलणारा मजकूर असेल, तर मात्र प्रत्येक संगणकाचा वेगळा गट पडतो. असा मजकूर आधी गाळून घ्यावा लागतो.

वरील उदाहरणातील ५७ आणि २ मिळून ५९ होतात. साठावा संगणक गटांत कोठेच नाही, कारण त्याने उत्तरच दिलेले नाही. गट पाडणारे साधन त्याच्यापर्यंत पोहोचलेल्या मजकुराचेच गट पाडू शकते. जो बोललाच नाही त्याची नोंद ते कोठून करणार? पॉवरशेलमध्येही असाच प्रकार घडतो. प्रत्येक उत्तरासोबत संगणकाचे नाव जोडलेले असते, पण संपर्क न झालेल्या संगणकांचा उल्लेख चुकांच्या वेगळ्या प्रवाहात जातो. केवळ उत्तरे तक्त्यात साठविली, तर ते संगणक तक्त्यात दिसतच नाहीत.

यावरून अहवालाचा पायाभूत नियम निघतो. अहवाल आलेल्या उत्तरांपासून नव्हे, तर संगणकांच्या पटापासून सुरू झाला पाहिजे. हा पट जाळ्यापासून स्वतंत्र असावा. त्या क्षणी जाळ्यावर जे संगणक सापडतात त्यांचीच यादी करून आज्ञा दिली, तर बंद संगणक यशाच्या संख्येतही येत नाहीत आणि एकूण संख्येतही येत नाहीत. त्यामुळे शंभर टक्के यश दिसते. वर्गात हजर असलेल्यांनाच पटावर घेऊन शंभर टक्के उपस्थिती दाखविण्यासारखे ते आहे. जडसंग्रह नोंदवहीतील यादी हाच पटाचा योग्य आधार होय.

६. एका सर्व्हरची किंमत : नाइट कॅपिटल प्रकरण

अपूर्ण अहवालाची किंमत किती मोठी असू शकते, हे नाइट कॅपिटल या अमेरिकी रोखे व्यवहार कंपनीच्या प्रकरणावरून दिसते. अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्ये दिलेल्या आदेशात या घटनाक्रमाची सविस्तर नोंद आहे. न्यूयॉर्क शेअर बाजाराची एक नवी योजना १ ऑगस्ट २०१२ रोजी सुरू होणार होती. त्यासाठी कंपनीने २७ जुलैपासून आपल्या आठ सर्व्हरवर टप्प्याटप्प्याने नवी आज्ञावली बसविली. तंत्रज्ञाकडून आठपैकी एका सर्व्हरवर ती बसवायची राहिली. दुसऱ्या व्यक्तीने पडताळणी करावी असा लेखी नियम नव्हता आणि तशी पडताळणी झालीही नाही. आठव्या सर्व्हरवर २००३ पासून वापरात नसलेली जुनी आज्ञावली तशीच होती आणि नव्या योजनेसाठी वापरलेल्या खुणेने तीच जागी होत असे.

बाजार उघडल्यावर त्या सर्व्हरने २१२ मागण्यांच्या बदल्यात लाखो मागण्या बाजारात पाठविल्या. सुमारे ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या समभागांत ४० लाख व्यवहार झाले आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. आयोगाने १ कोटी २० लाख डॉलरचा दंड केला.

या प्रकरणातील दोन तपशील अहवालाच्या दृष्टीने बोलके आहेत. बाजार उघडण्यापूर्वीच कंपनीच्या प्रणालीने संबंधित चुकीचा उल्लेख असलेले ९७ ई-मेल कर्मचाऱ्यांच्या एका गटाला पाठविले होते. ते इशारे म्हणून रचलेले नव्हते आणि कोणी त्यांवर कृती केली नाही. म्हणजे माहिती उपलब्ध होती, परंतु तिला अहवालाचे रूप नव्हते. दुसरा तपशील असा की, गोंधळ सुरू झाल्यावर उपाय म्हणून योग्य आज्ञावली असलेल्या सात सर्व्हरवरूनच ती काढून टाकण्यात आली आणि संकट अधिक वाढले. कोणता सर्व्हर कोणत्या स्थितीत आहे याचे चित्र हाताशी नसेल, तर दुरुस्तीही आंधळी होते. ‘आठपैकी सात पूर्ण, एक बाकी’ एवढी एक ओळ २७ ते ३१ जुलैच्या दरम्यान कोणाच्याही टेबलावर आली असती, तर पुढील अनर्थ टळण्याची शक्यता होती.

७. प्रयोगशाळेसाठी अहवालाची रचना

वरील विवेचनाच्या आधारे साठ संगणकांच्या प्रयोगशाळेत परीक्षेपूर्वी आज्ञावली बसविण्याच्या कामाचा अहवाल पुढीलप्रमाणे असावा. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.

पटावरील एकूण संगणक : ६०
यशस्वी, बदल झाला : ४८
यशस्वी, बदलाची गरज नव्हती : ५
अयशस्वी : २ (क्रमांक १७, ४१ – डिस्कवर जागा नाही)
संपर्क नाही : ३ (क्रमांक ८, २२, २३)
स्थिती अनिश्चित : १ (क्रमांक ३६)
आज्ञा पाठविली नाही : १ (क्रमांक ५५ – दुरुस्तीत)
बेरीज : ६०

या अहवालात यशाची केवळ संख्या दिली आहे, तर उर्वरित प्रत्येक संगणक क्रमांकाने दाखविला आहे, कारण पुढील कृती त्यांच्यावरच करावयाची आहे. क्रमांक २२ व २३ शेजारी असल्याने त्या रांगेतील स्विच किंवा वीजजोडणी आधी तपासावी, असा अंदाजही वाचणाऱ्यास बांधता येतो. शेवटची बेरीज ही औपचारिकता नसून अहवालाची स्वतःची परीक्षा आहे.

या सारांशासोबत प्रत्येक संगणकाची तपशीलवार नोंद स्वतंत्र धारिकेत जपावी. आज्ञेचा नेमका मजकूर, आरंभाची वेळ, लागलेला काळ, निर्गमन संकेतांक आणि आलेले उत्तर एवढे रकाने त्यासाठी पुरेसे आहेत. जीएनयू पॅरललच्या कार्यनोंदीत उत्तराचा मजकूर वगळता हे रकाने आपोआप मिळतात. वाट पाहण्याची मर्यादा आज्ञा देण्यापूर्वीच ठरवावी. अन्यथा एकच मंद संगणक सर्व अहवाल अडवून ठेवतो. पहिल्या फेरीनंतर अयशस्वी व संपर्कात न आलेल्या संगणकांसाठीच दुसरी फेरी घ्यावी, अनिश्चित संगणकाची स्थिती आधी स्वतंत्र आज्ञेने विचारावी आणि दोन्ही फेऱ्यांचे निकाल मिळून अंतिम पत्रक करावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आज्ञा यशस्वी झाली यावर न थांबता फलित तपासावे. ‘आज्ञावली बसव’ या आज्ञेचा शून्य संकेतांक आणि ‘कोणती आवृत्ती बसली आहे?’ या प्रश्नाचे उत्तर ही दोन वेगळी प्रमाणे आहेत. दुसरे प्रमाण वेगळ्या व्यक्तीने, वेगळ्या वेळी घेतल्यास अहवालाचे मोल वाढते.

८. निष्कर्ष

अनेक संगणकांना एका आज्ञेत काम सांगणारी साधने विपुल आहेत आणि ती प्रगत होत आहेत. तथापि ती उत्तरे गोळा करतात. उत्तर न देणाऱ्याचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी अहवाल तयार करणाऱ्यावरच राहते. चुकीचा संदेश न दिसणे हे यशाचे प्रमाण नव्हे. पटापासून आरंभ, सहा प्रकारांत वर्गीकरण, अपवादांचा नावानिशी उल्लेख, बेरजेचा मेळ आणि फलिताची स्वतंत्र तपासणी या पाच गोष्टी पाळल्यास छोट्या प्रयोगशाळेचा अहवालही भरवशाचा होतो. संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात दूरस्थ आज्ञा शिकविताना विद्यार्थ्यांकडून केवळ आज्ञा न लिहवून घेता तिचे निकालपत्रकही तयार करून घेतल्यास, ही शिस्त त्यांच्या पुढील व्यवसायात उपयोगी पडेल.